एलिमेंटर प्रोचा पॉपअप बिल्डर: आंब्याच्या हंगामातील आणि त्यानंतरचा अनुभव

देवगड परिसरातील आमच्या आंबा बागेच्या वर्डप्रेस संकेतस्थळासाठी आम्ही एलिमेंटर प्रो या पाने मांडण्याच्या प्लगिनमधील (जोड-सॉफ्टवेअरमधील) पॉपअप बिल्डर, म्हणजे पानावर उघडणाऱ्या छोट्या खिडक्या तयार करण्याची सोय, हंगामाच्या तोंडावर वापरायला घेतली आणि आता पावसाळाही सरत आला आहे. एलिमेंटरच्या विनामूल्य आवृत्तीत ही सोय नाही. प्रो आवृत्तीत ती २०१९ पासून उपलब्ध आहे. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, पॉपअपचा उपयोग त्याच्या रंगरूपावर फारसा ठरत नाही. तो कोणाला, केव्हा आणि किती वेळा दिसतो यावर ठरतो, आणि या प्लगिनचे खरे बळही तिथेच आहे.

पॉपअपची मांडणी एरवीच्या पानासारखीच करता येते, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. मांडणी पूर्ण करून ‘पब्लिश’ दाबल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यावर मात्र सावकाश वेळ द्यावा. पॉपअप कोणत्या पानांवर असावा हे ‘कंडिशन्स’मध्ये, काय घडल्यावर उघडावा हे ‘ट्रिगर्स’मध्ये आणि कोणाला व किती वेळा दिसावा हे ‘ॲडव्हान्स्ड रूल्स’मध्ये ठरते.

आमच्याकडे सर्वांत उपयोगी ठरले ते ग्राहकाने स्वतः क्लिक केल्यावर उघडणारे पॉपअप. हापूसच्या पेटीच्या पानावर येणाऱ्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात: आंबा कच्चा येणार की तयार, चार डझनांच्या आणि सहा डझनांच्या पेटीतील फळांत आकाराचा फरक किती, घरी अढी कशी घालायची. ही सगळी माहिती पानावरच लिहिली तर ऑर्डरचे बटण खाली ढकलले जाते आणि वेगळ्या पानावर ठेवली तर ग्राहक तिकडे गेला की परतेलच असे नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाचे एक छोटे बटण केले आणि त्याच्या लिंकमध्ये ‘डायनॅमिक टॅग्ज’मधून ‘पॉपअप’ निवडून त्या त्या उत्तराचा पॉपअप जोडला. अढीच्या पॉपअपमध्ये एवढेच लिहिले आहे की, फळे पेटीतून काढून गवतावर एका थरात पसरावीत, वरून पुन्हा गवत घालावे आणि रंग व सुवास येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नयेत. फॉर्मच्या ‘ॲक्शन्स आफ्टर सबमिट’मध्ये ‘पॉपअप’ हा पर्याय असल्यामुळे हाच मजकूर ऑर्डर नोंदवताच पुन्हा दाखवता आला. पेटी पोहोचल्यावर नेमके याच बाबतीत विचारणा करणारे फोन स्पष्टपणे कमी झाले, आणि मला तरी हा या प्लगिनचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

आपोआप उघडणाऱ्या पॉपअपच्या बाबतीत मोबाइलचा विचार आधी करावा. ‘एक्झिट इंटेंट’ हा ट्रिगर माउसचा बाण खिडकीच्या वरच्या कडेबाहेर गेला की चालतो. फोनवर बाणच नसल्यामुळे तिथे त्याच्यावर विसंबता येत नाही. आमचे बहुतेक ग्राहक व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडून येतात, म्हणून आम्ही पान निम्म्याहून अधिक वाचल्यावर उघडणारा ‘ऑन स्क्रोल’ निवडला. पान उघडताक्षणी संपूर्ण पडदा झाकणारा पॉपअप कोणीही ठेवू नये असे मी आग्रहाने सांगेन. वाचकाला ते त्रासदायक असतेच, शिवाय शोधातून मोबाइलवर येणाऱ्या वाचकासमोर मजकूर झाकणारी पाने क्रमवारीत खाली जाऊ शकतात, असे गूगलचे धोरण जानेवारी २०१७ पासून आहे.

‘शो अप टू’ या नियमाने एका माणसाला पॉपअप किती वेळा दिसावा हे ठरवता येते. मात्र ही मोजणी त्या त्या ब्राउझरमध्ये साठते. एखादा ग्राहक आधी इन्स्टाग्रामच्या आतूनच पान उघडतो आणि नंतर क्रोममधून येतो, तेव्हा तो प्लगिनच्या दृष्टीने नवा असतो. म्हणून हा आकडा एकच ठेवणे इष्ट.

देवनागरीत मजकूर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. शीर्षकाच्या दोन ओळींतील अंतर मुळात रोमन लिपीच्या सोयीचे, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या १ पट इतके असते. ‘पुढील हंगामाची नोंदणी सुरू’ असे शीर्षक फोनवर दोन ओळींत मोडले की वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांटीला भिडतो. ‘टायपोग्राफी’मध्ये हे अंतर १.४ केल्यावर अक्षरे मोकळी झाली. पॉपअप अरुंद असल्यामुळे ही अडचण तिथे पानापेक्षा अधिक जाणवते.

कॅशिंग प्लगिन (पानांची साठवलेली प्रत दाखवणारे) वापरात असेल तर ‘कंडिशन्स’ बदलल्यावर कॅश रिकामी करावी, अन्यथा जुनाच पॉपअप दिसत राहतो. हंगाम संपताना हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण जूनमध्ये पेटीची जाहिरात दिसणे ग्राहकाच्या विश्वासाला बाधक ठरते.

सध्या संकेतस्थळावर एकच पॉपअप चालू आहे. ऑर्डरच्या बटणावर क्लिक केले की हंगाम संपल्याची सूचना आणि केवळ नाव व फोन क्रमांक विचारणारा फॉर्म उघडतो, आणि भरलेली माहिती डॅशबोर्डमधील ‘सबमिशन्स’मध्ये जमा होते. गाव, पिनकोड, हवी असलेली पेटी हे प्रश्न मी त्यात मुद्दाम घातलेले नाहीत. मोहोर टिकून फळ धरले की त्या यादीतील प्रत्येकाला फोन करूनच ते विचारायचे आहेत.