शंभर मण्यांची गणितमाळ: जूनपासून वर्गात वापरून

मोजायला शिकवण्यासाठी ही माळ घेणार असाल तर घेऊ नका. मोजायला चिंचोके आहेत, तेही फुकट. दहा लाल, दहा पांढरे असे पट्टे शंभरपर्यंत गेलेले असतात, आणि त्यांचा खरा फायदा मुलांचं एकेक मोजणं सुटण्यात आहे. तो दिसायला आमच्याकडे दिवाळी उजाडली.

माझा पहिली-दुसरीचा जोडवर्ग, लातूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवर. माळ भिंतीला लावली आहे, पोरांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. एकाने पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने दोन मण्यांच्या मध्ये कपड्याचा चिमटा अडकवायचा. मग पहिल्याने वळून आधी अंदाज सांगायचा, हात नंतर लावायचा. सुरुवातीला सगळे पहिल्या मण्यापासून बोट ठेवत निघायचे आणि तिशीच्या आसपास घसरायचे. आता ऐकू येतं, "पाच पेंड्या अन् तीन सुटे हायत बाई, त्रेपन्न!" तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, दहाच्या गठ्ठ्याला पोरं पेंडीच म्हणतात, माळेच्या पट्ट्यालाही त्यांनीच ते नाव चिकटवलं. कडबा शेकड्याने विकला जातो त्या घरांतली पोरं ही.

दुसरीवाल्यांची बेरीजही बदलली. ३८ मध्ये १५ मिळवताना दोन मणी पुढे जाऊन ४० गाठतात, मग एक पूर्ण पट्टा, मग तीन. ५३. ही उडी मी शिकवली नव्हती, पट्ट्यांनी दाखवली. नेदरलँड्समधल्या शाळांत रिकाम्या, म्हणजे आकडे न छापलेल्या, संख्यारेषेच्या आधी अशीच माळ वापरतात, ते का हे आता कळतं.

चौऱ्याण्णव सांगितलं की ४९ लिहिणारी पोरं दरवर्षी असतात, चार आधी ऐकू येतो ना. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी दोन्ही म्हणू देते. माळेवर ४९ मध्यावर आणि ९४ पार टोकाला, त्यामुळे चिमटा लावायला निघालेलं पोर वाटेतच थबकतं.

सापशिडीपेक्षाही हे बरं वाटलं. सापशिडीत प्रत्येक ओळ उलटी फिरते. सीग्लर आणि रमणी या संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात सरळ पट्टीवरचा खेळ खेळलेल्या लहान मुलांना गोल पटावर खेळलेल्यांपेक्षा संख्यांचा लहान-मोठेपणा चांगला समजला होता.

आता तक्रारी. सोबत आलेली दोरी अगदीच टाकाऊ; पोळ्यापर्यंत सैल पडून मणी मध्येच गोळा होऊ लागले, शेवटी नायलॉनच्या दोरीत पुन्हा ओवले. एका वेळी दोन-तीनच पोरं खेळतात, बाकीचे ढकलाढकली करतात. आणि हातच्याच्या वजाबाकीला माळ बिनकामाची, कारण दशक सोडून सुटे करता येत नाहीत. तिथे तुराट्यांचा गठ्ठाच हवा, दोरा सोडला की काम झालं.

अंगणवाडीच्या ताईंनी माळ मागितली तेव्हा त्यांना वीसच मणी ओवून दिले, पाच-पाचचे रंग बदलून. तीनपर्यंतच्या वस्तू त्या वयाची बरीच पोरं न मोजता ओळखतात, पुढे रंग मदतीला येतो. शंभर मणी तिथे नुसते गळ्यात घालायला जातील.