ए-२ घ्यावे की जी-१? जुन्या वैमानिकी चामडी जॅकेटांची तुलना

जुने लष्करी चामडी जॅकेट घेण्याचे मनावर घेतलेल्या माणसासमोर बहुधा दोन नावे येतात: अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाचे ए-२ आणि त्याच देशाच्या नौदलाचे जी-१. छायाचित्रात दोन्ही सख्खी भावंडे वाटतात. दोन्ही तपकिरी आहेत, बसल्यावर पोटाशी गोळा होऊ नयेत म्हणून कमरेपर्यंतच आखूड आहेत आणि वारा आत शिरू नये म्हणून दोन्हींच्या मनगटाला व कमरेला विणीव लोकरीच्या पट्ट्या आहेत. हातात घेतल्यावर मात्र दोन्हींचा स्वभाव अगदी निराळा आहे, हे लगेच कळते.

ए-२ अधिकृतपणे स्वीकारले गेले १९३१ मध्ये. ते बहुतांशी घोड्याच्या कातड्याचे असे, क्वचित शेळीच्या. साधी शर्टासारखी कॉलर, तिची टोके दाबून ठेवणारी टिचबटणे, खांद्यांवर पट्ट्या आणि पुढे झडपांचे दोन खिसे, एवढाच त्याचा थाट. हात ऊबेला घालण्यासाठी बाजूचे खिसे नाहीत, ही नव्या मालकाची पहिली तक्रार असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, या हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नोल्ड यांनी नव्या मागण्या थांबवल्या आणि चामड्याची जागा कापडी जॅकेटांनी घेतली. त्यामुळे युद्धकालीन ए-२ मोजकेच उरले आहे आणि उरलेले प्रत्येक जॅकेट ऐंशी वर्षे ओलांडून गेले आहे.

त्याचे खरे आकर्षण शिवणीपेक्षा त्यावर चढलेल्या खुणांत आहे. वैमानिक पाठीवर विमानाचे नाव रंगवून घेत आणि प्रत्येक मोहिमेमागे एक छोटा बाँब काढत. आपल्याला जवळची वाटावी अशी एक शाखाही आहे. आसामातील चाबुआसारख्या तळांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद पोहोचवणाऱ्या दलांच्या जॅकेटांवर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा असलेले बोधचिन्ह असे, आणि अशी कित्येक चिन्हे भारतीय कारागिरांनी चामडे कापून किंवा जरीकाम करून घडवलेली आहेत. अर्थात अशा जॅकेटाला किंमत जास्त मिळते, म्हणून अस्सल पण कोऱ्या पाठीच्या जुन्या जॅकेटावर आज चित्र रंगवून विकणारेही आहेत. पाठ उजेडात तिरकी धरून पाहावी. जुना रंग चामड्याच्या सुरकुतीबरोबरच तडकलेला असतो, तर नवा रंग सुरकुतीच्या तळाशी जाऊन बसलेला दिसतो. ही परीक्षा अचूक नाही, पण घाईने पैसे मोजण्यापासून वाचवते.

आणखी एक सापळा म्हणजे १९८८ पासून अमेरिकी हवाई दलाने शेळीच्या कातड्याचे ए-२ पुन्हा देण्यास सुरुवात केली. ते जॅकेट चांगलेच आहे, पण युद्धकालीन नाही. कॉलरखालच्या लेबलावरील कंत्राटाचा तपशील वाचल्याशिवाय ‘जुने ए-२’ या शब्दांवर विश्वास ठेवू नये.

जी-१ हे युद्धकाळातील नौदलाच्या जॅकेटाचे वारसदार. हे नाव १९४७ मध्ये आले. शेळीचे दाणेदार कातडे, मेंढीच्या लोकरीची रंगवलेली कॉलर, बटणाचे खिसे आणि पाठीत दोन्ही खांद्यांमागे घातलेल्या चुण्या ही त्याची ओळख. या चुण्यांचे महत्त्व जॅकेट घालून हात पुढे केल्याशिवाय कळत नाही. ए-२ पाठीत ताणले जाते. जी-१ उघडते आणि हात खाली घेताच पुन्हा मिटते. चेनमागच्या पट्टीवर अनेकदा ‘यूएसएन’ ही अक्षरे छिद्रांनी उमटवलेली असतात, ती बोटाने चाचपून पाहण्यात मला अजूनही मजा वाटते. हे जॅकेट दशकानुदशके तयार होत राहिल्याने साठ-सत्तरच्या दशकांतील नग आजही घालण्याजोग्या अवस्थेत मिळतात.

त्याचे दुखणे कॉलर. मी एकदा दूरच्या विक्रेत्याकडून नुसत्या छायाचित्रांवर भरवसा ठेवून एक जी-१ मागवले. पुढून कॉलर भरगच्च होती, आणि उलटून पाहतो तो मानेजवळ कसर लागून कातडी उघडी पडलेली. तेव्हापासून कॉलरच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागितल्याशिवाय मी पुढे बोलत नाही.

मापाचे म्हणाल तर ए-२ सडपातळ वैमानिकांसाठी बेतलेले असल्याने लेबलावरच्या आकड्यापेक्षा अंगात घट्ट बसते, आत जाड स्वेटर मावत नाही. दोन्ही बाबतींत काखेखाली आडवे माप सेंटिमीटरमध्ये मागवून ते आपल्या रोजच्या जॅकेटाशी ताडून पाहणे बरे.

मुंबईच्या हवेत यांपैकी एकही घालण्याचे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील. पुण्या-नाशिकच्या थंडीतील सकाळींना दोन्ही पुरतात. शिकागोच्या हिवाळ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र ही दोन्ही अपुरीच. तेथे लोकरीसकट मेंढीच्या कातड्याचे बी-३ उपयोगी, पण ते घालून गाडीत बसणे म्हणजे कसरतच.

माझा कौल असा की, रोज अंगावर घालायचे असेल तर साठ-सत्तरच्या दशकांतील जी-१ घ्यावे. ए-२ चीच ओढ असेल तर घालण्यासाठी त्याच बेताचे नव्याने शिवलेले घ्यावे आणि अस्सल ए-२ जपण्यासाठीच घ्यावे, कारण त्याचा सुती धागा जुना झालेला असतो आणि हात वर केल्यावर शिवण काखेत सुटू शकते. कोणतेही आणले तरी पावसाळ्यात ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये; सुती चादरीत, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावे आणि श्रावणात दर आठवड्याला बुरशीसाठी अस्तर तपासावे.