म्हाताऱ्या माणसाला व्हायरल ताप : व्हिटॅमिनची तपासणी आत्ता की बरं झाल्यावर?

पावसाळ्यात मुंबईत डेंग्यू आणि फ्लूची साथ आली, की घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तापाने सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. मग लॅबचं व्हिटॅमिन प्रोफाइलचं पॅकेज घ्यावं, की केमिस्टकडून झिंक आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणून थेट सुरू कराव्यात, असा प्रश्न पडतो. माझं मत आधीच सांगते : तापात यातलं काहीच घाईने करू नका. ते पैसे दुसऱ्या तपासण्यांना ठेवा.

तापात केलेल्या व्हिटॅमिन-खनिजांच्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. संसर्ग झाला की शरीर रक्तातलं लोह आणि झिंक मुद्दाम आत, यकृताकडे वगैरे, ओढून घेतं. साठा तेवढाच असतो, पण रक्तातला आकडा घसरतो. फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, मात्र उलट चढतं. त्यामुळे एकाच कागदावर लोह लाल अक्षरात कमी आणि दोन ओळी खाली फेरिटिन जास्त, असं दिसतं. घरचे फक्त पहिला आकडा बघतात, लोहाची गोळी सुरू करतात आणि आधीच जेवण न जाणाऱ्या माणसाला वर बद्धकोष्ठ होतो. डी आणि सीचे आकडेही आजारात खाली येतात. बरं वाटल्यावर सहा आठवड्यांनी तेच रक्त दिलं, तर खरी कमतरता कुठे आहे ते कळतं.

‘पण कोविडमध्ये ज्यांचं डी आणि झिंक कमी होतं, तेच जास्त आजारी पडले ना?’ हो, असा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला. पण आजारामुळे आकडा उतरला की आकड्यामुळे आजार वाढला, हे त्यातून ठरत नाही. म्हणून प्रत्यक्ष देऊन बघितलेले प्रयोग महत्त्वाचे. ब्राझीलमध्ये रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना डीचा २ लाख युनिटचा एकच डोस दिला. त्यांचा मुक्काम कमी झाला नाही. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत घरी असलेल्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम झिंक आणि ८ ग्रॅम सी देऊनही लक्षणं फारशी लवकर गेली नाहीत.

मग तापात तपासायचं काय? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि सर्वात आधी सोडियम-पोटॅशियम. वयस्कांना तहान कमी लागते, तापात जेवण तुटतं, उलट्या होतात, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असलं तर सोडियम भराभर उतरतं. १३५ ते १४५ ही नेहमीची पातळी. ती बरीच खाली गेली की आजोबा बरळू लागतात, तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं तापामुळे होतंय. अशा वेळी घरी वाट बघू नका, तडक रुग्णालय गाठा.

इथेच शहाळं आणि ओआरएस यांतला फरक सांगायला हवा, कारण मुंबईत आजारी माणसाच्या उशाशी शहाळं ठरलेलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं. त्यामुळे उतरलेलं सोडियम त्याने भरून निघत नाही. शिवाय मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. ओआरएसमध्ये मीठ मोजून असतं. हृदय अशक्त असलेल्यांनी मात्र दोन्हींसाठी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता बरं झाल्यानंतरचं. तेव्हा सगळं पॅकेज कशाला? बी१२ आणि डी या दोनच गोष्टींचा विचार पुरे, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

बी१२ मी आधी तपासेन. शाकाहारी, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेणारे, हातापायांना मुंग्या येणारे, यांचं बी१२ कमी असण्याची शक्यता दाट. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. गोळीचं प्रमाण थोडं जास्त झालं तरी सहसा अपाय नाही, पण रक्त गोळी सुरू करण्याआधी द्या. नंतर आकडा फुगलेलाच येतो.

डीचं नेमकं उलटं. पंचाहत्तरीपुढे तपासणी न करताही रोजचा छोटा डोस चालतो; अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२४ चा सल्लाही तसाच आहे. धोका आहे तो ६०,००० युनिटच्या पाकिटाचा. ते आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. कुणी रोज घेतं, कुणी वर्षभर थांबवतच नाही. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतो, डोक्यात गोंधळ होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. पाकिटावर वार लिहून ठेवा.

झिंकची तपासणी मी करणारच नाही. ५० मिलिग्रॅमची गोळी महिनोन्महिने चालू राहिली, तर तांबं कमी होऊन ॲनिमिया आणि मुंग्या येतात, म्हणजे बी१२ कमी असल्यासारखंच चित्र. सीसाठी एक पेरू पुरतो. दात नसतील तर आवळ्याचा रस.

रक्त द्यायच्या आधी घरातल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर बायोटिन (बी गटातलं एक व्हिटॅमिन) लिहिलंय का ते बघा. असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी ती बंद करा, कारण बायोटिनमुळे बी१२ आणि डी या दोन्हींचे आकडे काही यंत्रांवर चुकतात. लॅबच्या माणसालाही ते सांगा.