मूळव्याधीची चकती, ३,२०० रुपये

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर मी हिशेब लिहिते. दिवसाचे आठ तास बसून. पुण्याच्या त्या क्लिनिकमधल्या काउन्सेलर मॅडमना पहिल्याच फोनवर मी हे सांगितलं होतं. "चौथ्या दिवशी खुर्चीत बसाल ताई!" पोटाची-कमरेची चरबी लायपोने, म्हणजे नळीने ओढून, काढायची आणि नितंबांत भरायची, अशी ती शस्त्रक्रिया. का केली ते विचारू नका. अंग माझं, साठवलेले पैसेही माझे. पॅकेज १,८०,००० रुपयांचं, "सगळं धरून".

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, गुंगी धड उतरलीही नव्हती, तेव्हा काउंटरवरून चिठ्ठी आली. प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगाला घट्ट दाबून बसणारा कपडा, ६,५००, खास उशी ३,२००, मसाजच्या दहा सिटिंगचे २५,००० आगाऊ. हे घेतलं नाही तर रिझल्टची जबाबदारी आमची नाही म्हणे. पालथं पडून घासाघीस कोण करणार? सोबतच्या मैत्रिणीने फोनवरून पैसे भरले.

तिसऱ्या दिवशी फोटो. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "आत्ता पाच स्टार टाकलात तर गारमेंटचे हजार कमी करते." आरशात तर सगळं झकास दिसत होतं. टाकले, फोटोसकट. ती निव्वळ सूज होती हे मला पुढे कळलं. भरलेल्या चरबीला नव्याने रक्तपुरवठा मिळावा लागतो. जी जगत नाही ती शरीर शोषून घेतं, आणि खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. तिसऱ्या दिवशीच्या फोटोला काडीचा अर्थ नाही. पण जाहिरातीतले फोटो कितव्या दिवसाचे, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

परतीचा प्रवास मागच्या सीटवर पालथी पडून केला. खंबाटकीच्या प्रत्येक वळणाला हनुवटी दारावर आपटायची. पेठ नाक्यावर चहा उभ्यानेच. घरी मणक्याचं कारण सांगितलं होतं, तर सासूबाई बिचाऱ्या तिळाचं तेल कोमट करून घेऊन आल्या. मग ते नको म्हणायला आणखी एक थाप.

आता ती उशी. मधे भोक असलेली निळी रबरी चकती, फुंकून फुगवायची. सहाव्या दिवशी तीच घेऊन अडतीवर बसू लागले. आठवडाभराने गावभागातल्या मेडिकलमध्ये ड्रेसिंगचं सामान घ्यायला गेले, तर फळीवर हीच चकती, ४२० रुपये. दुकानदार काका म्हणाले, "मूळव्याधवाले नेतात."

त्याच सुमारास कमरेच्या खाली, माकडहाडावर, पाण्याच्या पिशवीसारखं काहीतरी हलायला लागलं. क्लिनिकला फोन केला. मेसेज केला. निळ्या टिका यायच्या, उत्तर नाही. शेवटी मिरजेला गेले. उभ्या मुलखातून लोक उपचाराला मिरजेत येतात आणि मी मिरज सोडून पुण्याला गेले होते, काय म्हणावं! तिथल्या प्लास्टिक सर्जननी सुईने साठ मिली पाणी काढलं. मग गारमेंट हातात धरून म्हणाले, "हा नुसत्या लायपोचा. चरबी भरल्यावर मागचा भाग मोकळा सोडलेला लागतो, नाहीतर तिच्यावरच दाब येतो." किमान दोन आठवडे थेट बसायचंच नसतं. नंतरही काही आठवडे उशी मांड्यांखाली घ्यायची, म्हणजे नितंब अधांतरी राहतात. चकतीवर दाब थांबत नाही. माझी उजवी बाजू आज डावीपेक्षा चपटी आहे. चकतीमुळे की मुळात भरतानाच चुकलं, ते छातीठोक सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

पण त्यांच्या एका प्रश्नाने मला घाम फुटला. "चरबी कातडीखालीच भरली ना? स्नायूत नाही ना?" स्नायूत भरली तर ती मोठ्या शिरांतून हृदय-फुप्फुसांत जाऊ शकते. त्याने माणसं दगावली आहेत, आणि २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्नायूत भरू नका असं बजावलं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर यातलं एक अक्षर नाही. सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर टाकून पाहिला. प्लास्टिक सर्जरीची पदवीच नाही. शोधायला दोन मिनिटं लागली. ती पैसे भरायच्या आधी काढायला हवी होती.

आता ऑपरेशनचे कागद लेखी मागितलेत. नियमाने ते ७२ तासांत द्यावे लागतात. अजून आलेले नाहीत. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार इथे सांगलीच्या ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. लाज वाटते म्हणून मी तीन महिने गप्प बसले होते. त्यांचा धंदा या लाजेवरच चालतो.

गप्प राहिलेही असते. पण गेल्या आठवड्यात कराडच्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, तुमचा फोटो बघून मी २०,००० ॲडव्हान्स भरलाय. चौथ्या दिवशी बसता येतं ना?"

त्याच रात्री पाच स्टारचा एक केला आणि खाली त्या निळ्या चकतीचा फोटो टाकला. दहाव्या मिनिटाला क्लिनिकचा फोन. "ताई, काही प्रॉब्लेम होता तर आधी आम्हाला सांगायचं ना!"