जर्मनीचं १९२३ साल टपालाच्या पाकिटांवरून वाचताना: सात महिन्यांच्या वापरानंतर

जर्मनीतलं महागाईचं १९२३ साल अभ्यासायला त्या वर्षीच्या नोटा आणि टपालाची पाकिटं, असा संच सात महिने वापरून झाला. मत स्पष्ट आहे: नोटा दिसायला भारी, पण साल कळतं ते पाकिटांवरून.

सगळा प्रश्न तारखेचा. नोटेवर तारीख असते, पण ती बाजारात कधी आली हे त्यावरून कळत नाही. १,००० मार्कांची तपकिरी नोट घ्या. तारीख १५ डिसेंबर १९२२, आणि वर लाल अक्षरांत 'एक मिलियार्ड मार्क', म्हणजे १ अब्ज मार्क. हा लाल छापा सप्टेंबर १९२३ चा. छापील तारखेवर विसंबलात, तर अब्जाची नोट ११ जानेवारीला फ्रेंच-बेल्जियन फौजा रूर या औद्योगिक भागात शिरण्याच्याही आधी जाऊन बसते. पाकिटावर मात्र शिक्का असतो. गाव आणि दिवस दोन्ही मिळतात.

तुलनेला २० ग्रॅमपर्यंतचं परगावी जाणारं देशांतर्गत पत्रच धरा. गावातल्या गावातल्या पत्राचा आणि पोस्टकार्डाचा दर कमी असे. ते मिसळले की चढ दिसतच नाही. प्रत्येक पाकिटामागे नोंदीचं एक कार्ड ठेवा: दिवस, दर, घटना. १५ जानेवारीला ५० मार्क, १ ऑगस्टला १,०००. १३ ऑगस्टला श्ट्रेझमान चान्सलर (सरकारप्रमुख) झाले तेव्हाही १,०००च. २६ सप्टेंबरला रूरमधल्या ताब्याविरुद्धचा जर्मनांचा असहकार मागे घेतला तेव्हा अडीच लाख. मग १ नोव्हेंबरला १० कोटी, ५ ला १०० कोटी, १२ ला १,००० कोटी. म्हणजे ९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये हिटलरचं बंड मोडलं, त्या दिवशीच्या परगावच्या पत्रावर १ अब्जाची तिकिटं हवीत.

शून्यांत हमखास घोळ होतो. जर्मन 'मिलियार्ड' म्हणजे आपला १ अब्ज, आणि जर्मन 'बिलियन' म्हणजे १ लाख कोटी. इंग्रजी पुस्तकातला बिलियन इथे लावला की हजारपटीची चूक. कार्डावर आकडा कोटीतच लिहा.

सर्वात मोठी चूक मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत होते. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, २० ला डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांवर स्थिरावला. तरी टपालदर २० ला २० अब्ज, २६ ला ८० अब्ज, १ डिसेंबरला १०० अब्ज! महागाई चालूच होती असं वाटतं, तसं नाही. १ लाख कोटी कागदी मार्क म्हणजे १ रेंटेनमार्क, या हिशेबाने हे २, ८ आणि १० फेनिग (मार्काचा शंभरावा भाग). मागे पडलेला दर खऱ्या किमतीला आणला गेला, एवढंच. शिवाय २६ ते ३० नोव्हेंबर तिकिटं छापील किमतीच्या चौपट धरली जात. त्यामुळे त्या आठवड्यातलं २० अब्जाची तिकिटं लावलेलं पाकीट कमी पैशांचं समजून बाजूला टाकू नका.

खरेदीत जपा. या काळातली कितीतरी तिकिटं कोरी स्वस्त आणि वापरलेली महाग, म्हणून खोटे शिक्के भरपूर. तपासनिसाची खूण नसलेलं महाग पाकीट घेऊच नये. ठेवायला पॉलिएस्टरच्या पिशव्या. पीव्हीसीने कागद चिकट होतो.

एक उणीव या संचाने भरून निघत नाही. ३१ मार्चला एसेनमधल्या क्रुप कारखान्यात फ्रेंच सैनिकांच्या गोळीबारात १३ कामगार मेले. त्या दिवशीही पत्राला १०० मार्कच लागत होते. त्या कार्डावर दराखाली घटना ठळक लिहा, नाहीतर मार्च महिना रिकामा दिसतो.