वर्गात रांगा ठेवायच्या की गट पाडायचे?

जूनमध्ये नवा वर्ग हातात आला की मुलांना बसवायचं कसं, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. प्रशिक्षणात गटांची तरफदारी होते, मुख्याध्यापकांना रांगा बऱ्या वाटतात आणि मधे सापडतो वर्गशिक्षक. माझं मत आधीच सांगते: पाया रांगांचा ठेवा आणि गट कामापुरते पाडा. शाळा द्विशिक्षकी, म्हणजे दोनच शिक्षकांवर सगळे वर्ग चालणारी असेल तर मात्र नेमकं उलटं.

शुद्धलेखन, उदाहरणं सोडवणं, चाचणी अशा ज्याच्या-त्याच्या कामाला रांग सरस. शैक्षणिक मानसशास्त्राचे अभ्यासक केव्हिन व्हेल्डॉल आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे दोन वर्ग आलटून पालटून गटात आणि रांगेत बसवून पाहिले होते. १९८१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. रांगेत मुलं जास्त वेळ कामात राहिली आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो एरवी ज्यांचं लक्ष सर्वांत कमी असायचं त्यांच्यात. आपण चुळबुळ्या मुलाला हुशारांच्या गटात घालतो, संगतीनं सुधारेल म्हणून. समोर चार चेहरे बसवायचे आणि वर ‘वहीत बघ’ म्हणून ओरडायचं, यात त्या पोराचा काय दोष?

रांगेची खोड म्हणजे मागचा बाक. शिकवणाऱ्याची नजर पुढच्या दोन-तीन बाकांवर आणि मधल्या पट्ट्यात फिरते, कडेची मुलं हळूहळू प्रेक्षक होतात. यावर उपाय पायांत आहे. प्रश्न विचारा आणि उत्तर ऐकायला मागच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहा. दर सोमवारी सगळ्या रांगा एक बाक पुढे सरकवा, पहिला बाक मागे. ‘मस्तीखोरांचा बाक’ म्हणून वेगळी जागा कधीच करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि वर्षभर त्या बाकावर बसवणं माझ्या लेखी त्यातच येतं.

गटाची खरी ताकद बोलण्याच्या कामात दिसते: प्रयोग, संवाद, शाब्दिक उदाहरणाची उकल. बीडकडच्या शाळांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. रांगेत असं मूल नुसतं रिकाम्या जागी येऊन बसतं. गटात शेजारचा त्याला वही दाखवतो, मागे काय झालं ते आपल्या बोलीत सांगतो. द्विशिक्षकी शाळेत तर पर्यायच नसतो. तिसरीला शिकवताना चौथी स्वतःची स्वतः चालायला हवी आणि ती गटातच चालते.

मात्र ‘एक लिहितो, तिघं बघतात’ हे गटाचं जुनं दुखणं. काम संपल्यावर उत्तर कोण सांगणार हे चिठ्ठी टाकून ठरवा. आपलं नाव निघू शकतं म्हटलं की बघणारेही विचारायला लागतात, ‘हे कसं आलं रे?’

कायद्यानं पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक धरलाय. पन्नासची तुकडी असेल तर गटांचा आवाज शेजारच्या वर्गात जाणार, हे मनाशी धरूनच चाला.

ज्यांची गरज वेगळी आहे त्यांची जागा मात्र आधी ठरवा, मांडणी नंतर. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बाईंचा चेहरा दिसायला हवा. गटात निम्म्या मुलांची पाठ फळ्याकडे असते, तिथे त्याला बसवू नका. फळाही एकदा मुलांच्या जागेवर बसून बघा. दाराकडच्या कडेला दुपारी उन्हाची अशी चमक येते की अक्षरच दिसत नाही, आणि आपण म्हणतो पोरगं फळ्यावरचं उतरवून घेत नाही.

राहिली हलवाहलव. बस्करपट्ट्यांवरचा वर्ग दोन मिनिटांत गोल करून बसतो. लोखंडी जोडबाक ओढत बसलात तर फरशीवर खरडण्याचा आवाज आणि अर्धी तासिका खर्ची. त्यापेक्षा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्यांना नुसतं मागे वळायला सांगा. बाक जागचा न हलवता चौघांचा गट तयार, आणि ‘वळा पुढे’ म्हटलं की परत रांग.