मदतीला फाशीबंदीची अट घालावी का? पुतण्यासाठी मांडलेली तुलना

माझा पुतण्या निनाद म्युनिकला असतो. मागच्या वर्षी त्याने जर्मन नागरिकत्व घेतलं आणि तिथल्या एका पक्षाचा सभासदही झाला. आता त्याच्या शाखेपुढे एक ठराव आहे: ज्या देशात मृत्युदंड दिला जातो, त्या देशाची विकासमदत थांबवावी. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी झोपाळ्यावर बसलो होतो. "काका, तुम्ही आयुष्यभर फौजदारी वकिली केलीत. पैसा माझ्या करातून जाणार. हात वर करू की नको?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मी फाशीच्या विरोधात आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सत्र न्यायालयात माझ्या अशिलाला फाशी सुनावली गेली. बाहेर व्हरांड्यात त्याची आई उभी होती, हातात स्टीलचा डबा. डब्यात बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी. निकाल तिला कळला होता, पण तिने मला गुजरातीत विचारलं ते एवढंच: "साहेब, आता हा डबा आत देऊ देतील ना?" पुढे उच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप केली. तो डबा मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तरीही निनादच्या जागी मी असतो, तर त्या ठरावाला आहे तसा पाठिंबा दिला नसता.

ठरावाची बाजू कमकुवत आहे असं नाही. पश्चिम जर्मनीने १९४९च्या राज्यघटनेतच मृत्युदंड रद्द केला. नाझी काळात न्यायालयांनी कशा फाशा दिल्या हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. अशा देशातल्या करदात्याला वाटणारच, की माझा पैसा फाशी देणाऱ्या सरकारच्या तिजोरीत का जावा? शिवाय अटीने फरक पडतो, याचं उदाहरणही आहे. तुर्कस्तानला युरोपीय संघात यायचं होतं. कुर्द बंडखोर नेता अब्दुल्ला ओजलानला १९९९मध्ये सुनावलेली फाशी २००२मध्ये जन्मठेपेत बदलली गेली आणि २००४पर्यंत मृत्युदंड कायद्यातून पूर्ण गेला.

पण निनाद, तिथे पणाला काय लागलं होतं ते बघ. साऱ्या युरोपच्या बाजारपेठेत आणि सत्तेत कायमची जागा. एखाद्या जिल्ह्यातल्या नळयोजनेचा निधी म्हणजे ते नव्हे.

आता ही अट लागू कुणाला होणार? ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०२४मध्ये जगभरात १,५१८ मृत्युदंड नोंदवले. यात चीन धरलेला नाही, कारण तिथला आकडा सरकारी गुपित आहे. या १,५१८पैकी ९७२ एकट्या इराणमधले आणि किमान ३४५ सौदी अरेबियातले. चीन, इराण, सौदी: तिन्हींपैकी एकाचंही सरकार कुणाच्या मदतीवर चालत नाही. अमेरिका तर स्वतःच मदत देणारा देश. अ‍ॅरिझोनाने १९९९मध्ये लाग्रांड बंधूंना, दोन जर्मन नागरिकांना, मृत्युदंड दिला. जर्मनी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, २००१मध्ये निकालही त्याच्या बाजूने लागला. तोवर ते दोघे गेले होते. तिथे कुठली मदत थांबवणार होतास? म्हणजे सरसकट अट लावली तर सर्वांत जास्त जीव घेणारे तिच्यातून अलगद सुटतात आणि पाच-दहा वर्षांत एखादी फाशी देणारा गरीब देश सापडतो.

आपल्याच गावातलं बघ. पुढच्या वेळी येशील तेव्हा बुलेट ट्रेनचे खांब स्टेशनपर्यंत आलेले दिसतील. त्या प्रकल्पाला जपानने ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीचं कर्ज दिलं आहे. जपानमध्ये फाशी आहे, आपल्याकडेही आहे. त्यामुळे या व्यवहारात फाशीचा शब्दही कुणी काढला नसेल. एका देणगीदाराने अट लावली की घेणारा दुसऱ्या, काही न विचारणाऱ्या दाराशी जातो.

आणि मदत बोलून दाखवली की काय होतं, ते इंडोनेशियात दिसलं. २०१५मध्ये दोन ऑस्ट्रेलियन तरुणांना अमली पदार्थांच्या गुन्ह्यात मृत्युदंड द्यायचं ठरलं होतं. फेब्रुवारीत पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २००४च्या सुनामीत ऑस्ट्रेलियाने केलेल्या मदतीची आठवण करून दिली. इंडोनेशियातल्या लोकांनी रस्त्यावर चिल्लर गोळा केली, ऑस्ट्रेलियाचे पैसे फेडायला. सुनामीने ज्यांचं सर्वस्व नेलं त्या आचे प्रांतातही नाणी जमली. २९ एप्रिलला दोघांना गोळ्या घातल्या. तो निर्णय त्या भाषणामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण फाशीवर बोलायचं सोडून सगळा देश स्वाभिमानावर बोलू लागला, आणि तिथले जे मोजके लोक फाशीविरुद्ध बोलत होते त्यांची पंचाईत झाली.

युगांडाचं उदाहरण फाशीचं नाही, पण जातकुळी तीच. २०१४मध्ये समलैंगिकतेविरुद्ध कडक कायदा झाला, तेव्हा जागतिक बँकेने ९ कोटी डॉलरचं कर्ज रोखून धरलं. ते आरोग्यसेवेसाठी होतं. बाळंतपणाला आलेल्या बाईचा त्या कायद्याशी काय संबंध? त्याच वर्षी तो कायदा तिथल्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केला, तेही मंजुरीच्या वेळी सभागृहात गणसंख्या नव्हती म्हणून. २०२३मध्ये नवा कायदा आला आणि त्यात काही प्रकारांना थेट मृत्युदंड आहे. बँकेने पुन्हा नवी कर्जं थांबवली, कायदा राहिला.

मग दुसरं टोक घ्यायचं का? कुठलीच अट नको, दान ते दान? हे मला सरसकट अटीइतकंच चुकीचं वाटतं, आणि त्याला कारण इराण. तिथे अमली पदार्थविरोधी कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमातून युरोपीय देशांचा पैसा जात होता. त्यातून तस्कर पकडले जायचे, आणि पकडलेल्यांतल्या अनेकांच्या गळ्यात दोर पडायचा. हा पैसा गहू-औषधांचा नाही, तो थेट त्या दोरापाशी नेणारा आहे. अशा पैशाबद्दल "आम्ही अटी घालत नाही" हे कसं म्हणायचं?

मला सयाजीराव महाराजांची गोष्ट आठवते. १९१३मध्ये त्यांनी आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. तिलाही अट होती: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी. ही अट मदतीच्या पोटातून आलेली होती. शिक्षण आम्ही देतो, त्या शिक्षणाचा उपयोग इथे कर. १९१७मध्ये आंबेडकर अट पाळायला बडोद्यात आले, आणि जात सांगून सगळ्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. ते ज्या झाडाखाली हताश होऊन बसले, कमाटी बागेतल्या त्या झाडाखाली लहानपणी मीच तुला नेलं होतं. अट घेणाऱ्याने पाळली होती, घालणाऱ्या गावालाच त्याला छप्पर देता आलं नाही. म्हणून अटींचा विषय निघाला की मी दोन गोष्टी तपासतो: अट त्या मदतीच्या कामाशी जोडलेली आहे का, आणि अट घालणारा स्वतः कुठे उभा आहे.

या दोन्ही कसोट्यांवर तिसरा मार्ग उतरतो: जो पैसा, जी वस्तू, जो कागद फाशीपर्यंत पोचतो, तेवढ्यालाच अट. डेन्मार्क, आयर्लंड आणि ब्रिटनने इराणच्या त्या कार्यक्रमातून हात काढून घेतला. २०१७मध्ये इराणने कायदा बदलून मृत्युदंडासाठी लागणारं अमली पदार्थांचं प्रमाण वाढवलं आणि २०१८मध्ये अशा फाशा एकदम घटल्या. त्यामागे देशातल्या संसदेतली चर्चाही होती, श्रेय एकट्या युरोपचं नाही. २०२१पासून आकडा पुन्हा चढला आणि २०२४च्या ९७२पैकी निम्म्याहून जास्त फाशा याच गुन्ह्यांच्या. म्हणजे हाही रामबाण उपाय नाही. पण निदान आजारी मुलाचं औषध कुणी अडवलं नाही, आणि निदान पैसा आपला नव्हता.

युरोपीय संघाने २०११मध्ये मृत्युदंडाच्या इंजेक्शनसाठी वापरल्या जाणाऱ्या थायोपेंटलच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. अमेरिकेतल्या राज्यांची खरोखर अडचण झाली. त्यांनी पुढे दुसरी औषधं शोधली, अलाबामाने २०२४मध्ये नायट्रोजन वायू वापरला, हेही खरं.

सर्वांत पक्की अट मात्र माणूस ताब्यात देतानाची. रवांडाला नरसंहाराचे आरोपी परत हवे होते, आणि फाशी असेल तर ते मिळणार नव्हते. २००७मध्ये रवांडाने फाशीच रद्द केली. आपल्या सरकारनेही असा शब्द दिला आहे. पोर्तुगालने २००५मध्ये अबू सालेमला सोपवलं ते फाशी देणार नाही, पंचवीस वर्षांहून जास्त कैद होणार नाही, या हमीवर. एरवी परकी दबावाचं नाव काढलं की आपण चवताळतो, पण इथे देवाणघेवाण सरळ होती आणि फाशीबद्दलचा शब्द भारताने पाळला.

मधल्या मधे एक प्रकार राहतो, व्यापार-सवलतींचा. पाकिस्तानला १ जानेवारी २०१४पासून युरोपची जीएसपी प्लस सवलत मिळाली, म्हणजे मानवी हक्कांचे करार पाळण्याच्या अटीवर आयातशुल्कात सूट. त्याच डिसेंबरात पेशावरच्या शाळेवर हल्ला झाला, स्थगित फाशा सुरू झाल्या, सवलत चालू राहिली. फिलिपिन्समध्ये २०१७मध्ये फाशी परत आणणारं विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि सेनेटमध्ये अडकलं. सवलत जाईल ही भीती तिथे उघड बोलली जात होती. दोन देश, दोन निकाल. इथे मी ठाम सांगू शकत नाही, पण तुझा ठराव सवलतींबद्दल नाहीच.

तेव्हा निनाद, ठराव आहे तसा आला तर विरोधात मत दे, आणि त्याआधी दुरुस्ती मांड: पोलीस, तुरुंग, सरकारी वकील, अमली पदार्थविरोधी पथकं यांना जाणाऱ्या पैशाला आणि पुराव्यांच्या देवाणघेवाणीला फाशी न देण्याची लेखी हमी. बाकी मदत मोकळी. कुणीतरी विचारेल, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं काय? तिथल्या डीएनए तपासणीने दोषी ठरतात तसे निरपराध सुटतातही. हा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि मी त्यावर अजून विचार करतोय. बैठकीआधी एक फोन कर, मी रात्री अकरापर्यंत जागा असतो.